झोपलेला तबलजी

दाताच्या डॉक्टरपुढे माणसाला खोटं बोलता येत नाही, असं डॉक्टरबाईंचं ठाम मत होतं. तोंडात आरसा, लाळ ओढणारी नळी आणि डॉक्टरची दोन बोटं असताना कोण काय थापा मारणार? म्हणून चपलांच्या दुकानावरच्या त्यांच्या दवाखान्यात त्या दिवशी जे म्हातारे गृहस्थ खुर्चीत आडवे झाले, त्यांच्यावर बाईंनी लगेच विश्वास ठेवला. गृहस्थ 'आ' वासून पडले होते आणि नळीच्या बाजूने जे काही बोलत होते त्याचा अर्थ एवढाच निघत होता, की मी तुझ्या बापाचं चित्र कधीही काढलेलं नाही.

बाईंनी नळी बाजूला केली. "कोण म्हणालात तुम्ही?"

"अगं, रेघोट्या! रेघोट्याकाका. खाली पाटीवर तुझं माहेरचं आडनाव वाचलं आणि म्हटलं, ही तर आपल्या डावऱ्याची पोर. तुझ्या मनगटावर पेनाने घड्याळं काढायचो मी. तुझी आई ती साबणाने घासून काढायची आणि मला शिव्या द्यायची."

बाईंचा हात हवेतच राहिला. चाळीसेक वर्षं ज्या माणसाचं नाव घरात काढायची सोय नव्हती, तो माणूस त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच हिरव्या फडक्याखाली, उरलीसुरली मुळं काढून घेऊन कवळीची चौकशी करायला आला होता.

प्रकरण असं होतं. बाईंचे बाबा तबलजी, आणि तेही डावखुरे. इतर तबलजी डग्गा डाव्या हाताशी ठेवतात आणि तबला उजव्या. बाबांचं सगळं उलट. आख्ख्या शहरात असा वाजवणारा दुसरा कोणी नव्हता, आणि बाबांना त्याचा भारी अभिमान. शेजारच्या घरात रेघोट्याकाका राहायचे. ते व्यंगचित्रं काढायचे. दोघांचं इतकं मेतकूट, की संध्याकाळ झाली की गॅलरीत खुर्च्या टाकून दोघं रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची यथास्थित टिंगल करत. बाबा माणसाच्या चालीवर ठेका धरायचे, काका त्याचं नाक काढायचे. तेव्हा बाबा एका मोठ्या गवयांना साथ करत होते. त्यांना सगळे नुसतं 'बुवा' म्हणत. बुवांच्या साथीला बसायला मिळणं म्हणजे तबलजीच्या जन्माचं सोनं, आणि ते सोनं बाबांच्या हाती लागलेलं होतं.

मग एका साप्ताहिकाच्या संगीत विशेषांकात काकांचं एक चित्र छापून आलं. बुवांची मैफल, आणि साथीला बसलेला तबलजी गाढ झोपलेला. शहर हसलं. बाबा ज्या रस्त्याने जातील त्या रस्त्यावर कोणी ना कोणी विचारायचं, "काय, झोप झाली का?" बाबांनी तो अंक टराटरा फाडला, काकांच्या दारात जाऊन कडाक्याचं भांडण केलं, आणि पुन्हा त्या दाराकडे ढुंकून पाहिलं नाही. बुवांची साथही तेव्हापासून सुटली. पुढे बाबांनी आयुष्यभर शिकवण्या केल्या आणि एका नाचाच्या वर्गात मुलींच्या पायांमागे ठेका धरला. हे सगळं बाईंना आईकडून तुकड्यातुकड्यांनी कळलेलं. चित्र त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. घरात येणाऱ्या वर्तमानपत्रातलं व्यंगचित्रसुद्धा बाबा घडी घालून आत दडपायचे.

"म्हणजे तबलजी तुम्ही काढलाच नव्हता?" बाईंनी विचारलं.

काकांनी चूळ भरली. "तबलजी काढला होता की. पण कुठलाही तबलजी! मान खाली घालून झोपलेला, चेहरासुद्धा दिसत नव्हता. अगं, बुवांचा आलाप म्हणजे काय प्रकार होता तुला माहीत नाही. तेवढ्यात माणूस जेवून, झोपून, दाढी करून परत येऊ शकत होता. चेष्टा त्या आलापाची होती. तबलजीला आलापात काम नसतं, म्हणून तो झोपलाय. यात तुझा बाप कुठे आला?"

"मग त्यांना तसं का वाटलं?"

"ते त्यालाच विचार. दारात उभा राहून ओरडला, मला का काढलंस म्हणून. मलाही तेव्हा नाकावर माशी बसलेली चालत नसे. म्हटलं, झोपलेला तबलजी तुला तूच वाटत असशील तर त्याला मी काय करू? झालं. शब्दाने शब्द वाढला."

"पण छापलेल्या चित्रात असं काय होतं?"

"मी कुठे बघितलंय?" काका म्हणाले. "मूळ चित्र छापखान्यात दिलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात नोकरीवर जायचं म्हणून सामान बांधायला लागलो. भांडणानंतर तर आणखीच घाईने गेलो. साप्ताहिकाने अंक पाठवायला हवा होता, पण तो त्यांचा शेवटचाच अंक ठरला. दुकान बंद. चित्रही गेलं, अंकही गेला, डावऱ्याही गेला."

हे शेवटचं ते हसत म्हणाले, पण बाईंनी रोज इतकी तोंडं पाहिली होती, की हसणारं तोंड कुठलं आणि दुखणारं कुठलं एवढं त्यांना कळत होतं. हिरड्या भरून आल्या की कवळीचं माप घ्यायला या, असं सांगून त्यांनी काकांना निरोप दिला आणि पुढच्या पेशंटची दाढ जरा जास्तच जोरात ठोकून पाहिली.

आई गेल्यापासून बाबा बाईंच्याच घरी राहत होते. संध्याकाळी गॅलरीत एकटेच बसायचे. खाली रस्त्यावरून माणसं जायची, बाबांची बोटं कठड्यावर चालायची, पण टिंगल ऐकायला शेजारी कोणी नसायचं. त्यांच्या बरोबरीचे जवळजवळ सगळे गेलेले. बाईंनी कधी शेजारी खुर्ची टाकलीच, तर बाबा "तुला कामं नाहीत का?" म्हणायचे. मित्राची जागा लेकीला घेता येत नाही, हे बाईंना पटत नसलं तरी ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी बाईंनी आडून आडून विषय काढला. म्हणजे त्यांना वाटलं आडून आडून. बाबांनी पहिल्याच वाक्याला मान वळवली.

"कोण भेटलं तुला?"

"कोणी नाही. सहज विचारते. त्या चित्रातला माणूस तुम्हीच कशावरून?"

"कशावरून? डाव्या हातात तबला लावायची हातोडी. डावीकडे तबला, उजवीकडे डग्गा. आणखी काय हवं होतं? खाली माझा पत्ता लिहायला हवा होता?" बाबांचा आवाज चढला. "दुसऱ्या कोणी काढलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. यानं काढलं. चार लोकांना हसवायला यानं मला विकलं." आणि ते उठून आत गेले.

आता बाईंची झोप उडाली. काका शपथेवर सांगत होते, कुठलाही तबलजी. बाबा शपथेवर सांगत होते, डावखुरा तबलजी. दोघांपैकी एक जण धादांत खोटं बोलत होता, नाही तर म्हातारपणी डोक्यात घोळ तरी घालत होता. बाबा खोटं बोलत नाहीत, हे त्यांनी मुलगी म्हणून अनुभवलेलं. काका खोटं बोलत नव्हते, हे त्यांनी डॉक्टर म्हणून तपासलेलं. काकांचं म्हणणं खरं निघालं तर गॅलरीतल्या त्या दुसऱ्या खुर्चीचं काही तरी करता येणार होतं. आणि खोटं निघालं तर कवळी करून द्यायची आणि गप्प बसायचं. कसंही असलं तरी ते चित्र बघितल्याशिवाय भागणार नव्हतं.

चित्र शोधायचं म्हणजे कुठे? बाई आधी गेल्या मोठ्या ग्रंथालयात. तिथे त्या साप्ताहिकाचे बांधलेले गठ्ठे होते, एका वर्षाचा एक, लाल कापडी पाठीचा. बाईंनी उत्साहाने शेवटचा गठ्ठा मागवला. धूळ अशी उडाली की त्यांना स्वतःचाच तोंडावरचा मास्क आठवला. त्यात सगळं होतं. पाककृती, भविष्य, थंड पाण्याने आंघोळ केल्याचे फायदे. काकांची बरीच चित्रं होती, आणि ती बघताना बाई चक्क फिसकन हसल्या, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाने नाराजीने पाहिलं. फक्त संगीत विशेषांक तेवढा नव्हता.

"त्याचं काय आहे," ग्रंथपाल म्हणाले, "गठ्ठा वर्ष संपल्यावर बांधतात. हे साप्ताहिक मध्येच बंद पडलं. तोवरचे अंक बांधायला गेलेले होते, शेवटचा नंतर आला. सुटा अंक कोण सांभाळतो? रद्दीत गेला असणार."

मग बाईंनी जुन्या पुस्तकांचा बाजार पालथा घातला. दवाखाना लवकर बंद करून त्या फुटपाथवर उकिडव्या बसायच्या आणि पिवळे पडलेले ढीग उपसायच्या. एक विक्रेता त्यांना ओळखायला लागला. "बाई, तुम्ही सांगता ते मिळणार नाही, पण हे बघा, दातांची निगा कशी राखावी, छान पुस्तक आहे," असं म्हणून त्याने ते पुस्तक त्यांच्या गळ्यात मारलंसुद्धा. बाई हात हलवत परत यायच्याऐवजी ते पुस्तक घेऊन परत आल्या. आपण हे कशासाठी करतोय, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण एकदा एखाद्या दाढेचं मूळ सापडत नाहीसं झालं की ते सापडेपर्यंत त्यांना जेवण जात नसे. हेही तसंच झालं होतं.

शेवटी अक्कल आली ती एका पेशंटच्या तोंडात बघताना. बाईंच्या मनात आलं, की व्यंगचित्रात ज्याची टर उडवलेली असते, तो दोनच गोष्टी करतो. एक तर अंक फाडतो, नाही तर फ्रेम करून भिंतीवर लावतो. बाबांनी फाडला. पण त्या चित्रात आणखी एक माणूस होता की! खरी टर तर त्याचीच होती. बाईंनी पेशंटला "चूळ भरा" सांगितलं आणि मनातल्या मनात स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. बुवांचं घर त्यांना माहीत होतं, तिथे जायची हिंमत मात्र नव्हती. ज्यांनी आपल्या बापाला दार बंद केलं, त्यांच्या दारात उभं राहून काय सांगायचं?

तरी गेल्या. बुवा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दार त्यांच्या सुनेने उघडलं. हातात इस्त्री करायचे कपडे, कानाला फोन. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. सुनेने फोनवर "नंतर करते गं" म्हणून कपडे खुर्चीवर टाकले.

"डावखुऱ्या तबलजींची मुलगी तुम्ही? अहो, या ना आत! आणि ते चित्र ना? आहे की. बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये?"

"मामंजींचा सगळा रियाज तिथेच चालायचा. आवाज घुमतो म्हणायचे. ते चित्र त्यांना इतकं आवडलं, की फ्रेम करून आणलं. पण सासूबाई म्हणाल्या, बैठकीत ही शोभा नको. मग ते म्हणाले, ठीक आहे, मी जिथे गातो तिथे लावतो. त्यांच्यानंतर काढायचं राहूनच गेलं."

बाई थक्क झाल्या. "म्हणजे ते रागावले नव्हते?"

"मामंजी? ते पाहुण्यांना मुद्दाम बाथरूम दाखवायचे! राग आला तो तुमच्या वडिलांना. मामंजींनी दोनदा माणूस पाठवला, की बाबा रे, ये, तुझ्याशिवाय मजा नाही. ते आलेच नाहीत. जाईपर्यंत म्हणायचे, डावखुरा माझ्यावर रुसला, का ते कळलं नाही."

बाईंच्या घरात ही गोष्ट अशी सांगितली जात नव्हती. त्यांच्या घरात बुवांनी बाबांना काढून टाकलं होतं. सुनेने दाखवलेल्या दारातून त्या आत गेल्या आणि दिवा लावला.

समोर बेसिनवर आरसा होता, आणि आरशात मागच्या भिंतीवरची फ्रेम दिसत होती. बाई तिथेच बघत राहिल्या. बुवांचं तोंड बोगद्याएवढं उघडं. आलाप इतका लांबलेला, की बुवांच्या मिशीपासून माइकपर्यंत कोळ्याने जाळं विणून त्यात घर केलेलं. श्रोते एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेले. आणि तबलजी मान खाली टाकून गाढ झोपलेला, उजव्या हातात हातोडी, उजवीकडे तबला, डावीकडे डग्गा. सरळ साधा तबलजी. शहरातल्या कुठल्याही तबलजीसारखा.

म्हणजे बाबाच चुकले होते. न वाचताच, न बघताच रागावले होते. त्या मागे वळल्या आणि भिंतीवरच्या खऱ्या चित्रासमोर उभ्या राहिल्या.

डाव्या हातात हातोडी. डावीकडे तबला.

बाईंनी पुन्हा आरशात पाहिलं. उजवा. पुन्हा भिंतीवर. डावा. सून दारातून विचारत होती, "काही सापडलं का?" आणि बाई नुसत्या मान इकडून तिकडे फिरवत होत्या.

मग त्यांनी श्रोते बघितले. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या शर्टाचे खिसे उजवीकडे. सगळ्यांची घड्याळं उजव्या मनगटावर. पेटीवाला भाता उजव्या हाताने मारत होता आणि डाव्या हाताने वाजवत होता. आख्खी मैफलच डावखुरी! आता हे ज्याला कळायला हवं, त्यालाच सगळ्यात आधी कळतं. दातांच्या एक्स-रेच्या चिमुकल्या फिल्मवर एका कोपऱ्यात बारीक उंचवटा असतो. तो बोटाने चाचपून बघायचा, म्हणजे फिल्मची कुठली बाजू वर ते कळतं. नाही बघितलं तर उजवी दाढ डावीकडे दिसते आणि धडधाकट दात उपटला जातो. कॉलेजात हे बाईंच्या डोक्यात इतकं ठोकून भरलं होतं, की कुठलीही फिल्म हाती आली की त्यांचं बोट आपोआप कोपरा शोधायचं.

छापखान्यातही चित्राची आधी फिल्मच करत असत. पारदर्शक. बंद पडायला आलेल्या साप्ताहिकातल्या कोणी तरी, शेवटच्या अंकाच्या घाईत, ती उलटी चिकटवली होती. चित्राखालची ओळ, 'आलाप संपला की उठवा', वेगळी जुळवलेली, म्हणून ती सरळ. काका अक्षरात सही करत नसत, कोपऱ्यात एक गोगलगाय काढत. गोगलगाय उलटी झाली तर कोणाला कळतंय? लोकांनी जाळं बघितलं, बोगदा बघितला, आणि डावा हात बघितला. आणि बाबांना तर ते चित्र अगदी बरोबरच वाटलं असणार. त्यांच्या डोळ्यांना तबला तिथेच असायची सवय.

"नेऊ का मी हे?" बाईंनी विचारलं.

"न्या की. आम्हाला तशाही फरश्या बदलायच्यात," सून म्हणाली. मग बाईंचा चेहरा बघून तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी आणून दिलं.

घरी बाबा गॅलरीत होते. बाईंनी फ्रेम पाठमोरी धरली होती, तरी बाबांनी ओळखलं. माणूस ज्याला घाबरतो ते त्याला पाठमोरंही ओळखू येतं.

"ते घराबाहेर ठेव," बाबा म्हणाले. "मी एकदा बघितलंय. पुरे झालं."

"बाबा, तुम्ही ते उलटं बघितलंत."

"म्हणजे मी काय खाली डोकं वर पाय करून वाचत होतो?"

"चला तर खरं." बाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, कपाटाच्या आरशासमोर उभं केलं आणि फ्रेम त्यांच्या छातीशी धरली.

बाबा आरशात बघत राहिले. बराच वेळ. त्यांचा डावा हात आपोआप वर आला, थांबला, पुन्हा खाली गेला.

"ही काय चलाखी आहे?"

"तुमच्या शर्टाचा खिसा कुठे आहे?"

बाबांनी छातीवर डावीकडे हात ठेवला.

"आता आरसा सोडा. चित्रात बघा. यांचे कुठे आहेत?"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फ्रेमला नाक लावलं. एकेक श्रोता तपासला. "असतील डावखुरे," ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

"सगळे? आणि शहरातल्या शिंप्यांनी मिळून कट केला होता?"

बाबा पलंगावर बसले. बाईंनी त्यांना फिल्मचं सांगितलं, काकांनी छापलेलं चित्र आजतागायत बघितलं नाही ते सांगितलं, आणि काका दवाखान्यात आले होते तेही. बाबा ऐकत होते की नाही कळत नव्हतं.

"मी त्याला विचारलं, मला का काढलंस," ते हळूच म्हणाले. "काढलंस का, हे विचारलंच नाही. आधीच ठरवून गेलो होतो."

"आणि बुवांनी तुम्हाला बोलावलं होतं, बाबा. दोनदा."

"हो, माणूस आला होता. मला वाटलं, चार लोकांसमोर हजेरी घ्यायला बोलावतायत." बाबांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि पहिल्यांदाच चित्र नीट पाहिलं. जाळ्यातला कोळी त्यांना दिसला. तो कोळीसुद्धा झोपला होता. बाबांच्या घशातून खर्र असा आवाज आला. बाई घाबरल्या, पण ते हसणं होतं. बुवांचं तोंड, कलंडलेले श्रोते, सगळं बघून बाबा हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते नुसतंच पाणी राहिलं.

"काय काढलंय लेकाने," ते म्हणाले. "हे त्याच्याबरोबर बसून हसायला हवं होतं गं."

मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "माप द्यायला कधी येणार आहे तो?"

त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात आले. बाईंनी त्यांना बजावलं होतं, की आधी मला माझं काम करू द्या, मग काय ते बोला. बाबा बाहेरच्या बाकावर फ्रेम घेऊन बसले. आत काका खुर्चीत आडवे झाले. बाईंनी गुलाबी पूड पाण्यात कालवली, तिचा लगदा साच्यात भरला आणि तो काकांच्या जबड्यावर दाबून धरला.

"आता हा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. बोलायचं तर अजिबातच नाही."

आणि नेमकं तेव्हाच दार उघडून बाबा आत आले. बाईंनी डोळे वटारले, पण त्यांचे दोन्ही हात काकांच्या तोंडात अडकलेले.

काकांनी बाबांना पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले. घशातून काहीतरी आवाज आला.

"काका, हलू नका!"

"रेघोट्या," बाबा म्हणाले. घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरून गेले असावेत, कारण त्यांनी एकदम फ्रेमच काकांच्या हातात दिली. "हे उलटं छापलं होतं रे. तू उजवा काढलास, छापून डावा आला. मला आत्ता कळलं. ही पोर म्हणाली म्हणून कळलं. मी तुला विचारलंच नाही. तुझ्यासारख्या माणसाला मी चोर ठरवलं आणि विचारलंसुद्धा नाही."

काकांनी फ्रेम डोळ्यांसमोर धरली. तिच्या मागे त्यांचा चेहरा दिसेनासा झाला.

"आणि हिची आई गेली तेव्हा," बाबा म्हणाले, "ही गेली तेव्हा तू एवढ्या लांबून आला होतास. मी खिडकीतून बघितलं तुला. घंटा वाजवून बराच वेळ उभा होतास. मी दार उघडलं नाही."

हे बाईंना माहीत नव्हतं. आईच्या वेळी त्या कागदपत्रांच्या धावपळीत बाहेर होत्या. त्यांना एकदम बाबांचा राग आला, आणि तेवढीच दयाही आली, आणि हातात साचा असल्यामुळे दोन्हींचं काहीच करता आलं नाही. त्या जबडा धरून नुसत्या उभ्या राहिल्या. बोटांना काकांची हनुवटी थरथरताना जाणवत होती.

लगदा घट्ट झाला. बाईंनी साचा काढला. काकांनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि फ्रेम पुन्हा हातात घेतली.

"गाढवांनी गोगलगायसुद्धा उलटी चालवली," ते म्हणाले. मग त्यांचं बोट काचेवर झोपलेल्या तबलजीवर येऊन थांबलं. हातोडी धरलेल्या हातावर. ते खूप वेळ तिथेच राहिलं. "तू हे बघितलंस, डावऱ्या? माझ्या हातचं म्हणून हे बघितलंस?"

"हो."

"मग बरोबर होतं तुझं," काका म्हणाले. "मीही दार उघडलं नसतं."

बाबांनी डाव्या हाताने त्यांचा खांदा घट्ट धरला. बाईंनी हातातला साचा उजेडात धरून बघितला. हनुवटी सारखी थरथरल्यामुळे माप साफ बिघडलं होतं.

"काका, पुन्हा घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या.

"घे बाई, घे," काका म्हणाले. "पण लवकर काढ. मला याच्याशी बोलायचंय."